बारा पॉइंट, दोन ठिकाणं आणि समुद्राचं पाणी

भाऊ, मुंबईच्या लेखावर तुम्ही चाळीसगावहून लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सहा माणसांचं गाडीभाडं खर्चून जायचं आणि दिवसात दोनच ठिकाणं बघायची, हे परवडत नाही, टूरवाला एका दिवसात बारा पॉइंट दाखवतो. भरती-ओहोटीचं पुराण खान्देशातल्या माणसाला कशाला? घारापुरीच्या मोडक्या मूर्तींसाठी माणशी पाचशे रुपये का घालवायचे? आणि सोमवारी लेणी बंद असतात हे लेखात अगदी तळाशी लिहिलं, त्यामुळे तुमच्या मेहुण्यांची फेरी वाया गेली.

शेवटचं आधी घेतो. ती चूक माझी. सोमवारची सूचना आता लेखाच्या पहिल्या ओळीत घातली आहे, आणि तिच्याच शेजारी बुधवारची: भायखळ्याची राणीची बाग बुधवारी बंद असते. मेहुण्यांना माझ्याकडून माफी सांगा.

आता बारा पॉइंटांचा हिशेब. गेटवेहून घारापुरीला बोटीने जायला एक तास, यायला एक तास. धक्क्यापासून लेण्यापर्यंत चालणं आणि चढण धरून वर किमान दोन तास हवेत. बोट भरेपर्यंत थांबणं वेगळं. म्हणजे पाच तास गेले. टूरच्या बारा पॉइंटांत घारापुरी कधीच नसते, ती याच कारणाने. त्या यादीत राजाबाई टॉवर, सीएसएमटी, मरीन ड्राइव्ह ही बसच्या काचेतूनच मोजली जातात. अटल सेतूही असतो, पण त्यावर गाडी थांबवायलाच मनाई आहे. म्हातारी माणसं बरोबर असतील तर बसमधून शहर बघणं काही वाईट नाही. पण तुम्ही दहा आणि तेरा वर्षांची मुलं नेणार आहात. त्यांना बसमध्ये झोप लागेल.

भरतीचं मात्र मी मागे घेणार नाही. आपल्याकडे तापी-गिरणेला पूर येतो तो पावसाळ्यात, आणि काठावरच्या माणसाला आधी कळतो. मुंबईत पाणी रोज दोनदा चढतं, दोनदा उतरतं, आणि मोठ्या उधाणाला चढ-उताराचा फरक चार मीटरहून जास्त असतो. हाजी अलीची वाट याच पाण्यात बुडते. वेळ काढायला कोळ्यांचा जुना आडाखा आहे: तिथीची पाऊणपट करा, येतो तो पूर्ण भरतीचा तास. दिवसा एकदा, रात्री एकदा. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीन. त्याच्या सहा तास मागे-पुढे ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ आणि रात्री नऊ. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला बारा वाजायच्या आसपास. आडाख्यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला तेवढं पुरतं. घरातल्या दिनदर्शिकेवर तिथी असतेच.

आता आपली माणसं काय करतात बघा. संकष्टी गाठून मुंबईला जातात, सकाळी सिद्धिविनायकाच्या रांगेत उभी राहतात, दर्शन आटोपून जेवून तीनच्या सुमारास हाजी अलीला पोचतात. वाट पाण्याखाली! मग रस्त्यावरूनच हात जोडून परत. तीच माणसं आधी नऊला हाजी अलीला गेली असती तर कोरड्या वाटेने जाऊन आली असती. अष्टमी-नवमीच्या आसपास भरती लहान असते, तेव्हा वाट बुडेलच असं नाही. आणि वांद्र्याच्या बँडस्टँडच्या खडकांवर मुलांना घेऊन बसणार असाल तर हे नक्की बघा. पाणी समोरून येताना दिसतं, पण ते आधी मागच्या खाचांमधून शिरतं आणि परतीची वाट तोडतं. तिथे माणसं बुडाली आहेत.

गेटवेलाही तेच. ओहोटीला खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांच्यावर हिरवं शेवाळ असतं. दोन-तीन बोटी एकमेकींना खेटून लावलेल्या असतात, पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जावं लागतं. मधल्या फटीत पाणी हलत असतं. हातात थैली नको, दोन्ही हात मोकळे हवेत, साडीचा काठ वर खोचलेला हवा. बोटीवरचा माणूस हात देतो तो घ्या. तिकीट काढताना ‘घारापुरी लेणी’ असं स्पष्ट सांगा. नुसतं ‘बोटीचं तिकीट’ म्हटलं तर बंदरात अर्धा तास फिरवून आणणारी बोट मिळू शकते. परतीचं तिकीट सांभाळा, येताना बघतात.

पाचशेचा आकडाही बरोबर नाही. जाऊन-येऊन बोट अडीचशेच्या आसपास, लेण्याचं तिकीट चाळीस रुपये, आणि पंधरा वर्षांखालच्यांना लेण्याचं तिकीट लागतच नाही. तुमच्या दोन्ही मुलांचे ते पैसे वाचतात. धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी गाडी आहे, तिचे किरकोळ पैसे. पुढे सुमारे १२० पायऱ्या. आजीला चढवणार नसेल तर डोली मिळते, भाव खालीच ठरवा. दशम्या-ठेचा बरोबर नेणार असाल तर बोटीतच खाऊन घ्या. वरच्या माकडांना पिशवीची कुरकुर बरोबर कळते, पाण्याची बाटलीसुद्धा हिसकतात.

मूर्ती मोडक्या आहेत हे खरं. पोर्तुगीजांच्या काळात त्यांची फार नासधूस झाली. म्हणूनच जवळजवळ अभंग राहिलेल्या त्रिमूर्तीपुढे थांबा. अजिंठा तुमच्या दारात आहे, तिथे रंग बघितलेत. इथे दगड बघायचा. लेणं उत्तरेकडून उघडं आहे, त्रिमूर्ती दक्षिणेच्या भिंतीत खोल आहे, म्हणून उन्हातून आत गेल्यावर पाच मिनिटं काहीच दिसत नाही. बहुतेक लोक त्याच पाच मिनिटांत फोटो काढून निघतात. डोळे सरावू द्या. मधला चेहरा मिटल्या डोळ्यांचा, शांत. तुमच्या डाव्या हाताचा उग्र, मिशा असलेला, हातात नाग. उजवीकडचा कोवळा, जवळजवळ स्त्रीचा, हातात कमळ. मुलांना सांगा, आधी डावीकडच्या खांबाजवळ उभं राहून बघा, मग उजवीकडे जा. एकाच दगडात दोन वेगळे स्वभाव त्यांना आपोआप दिसतील. पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटाला एलिफंटा म्हटलं, तो १८६४ मध्ये इंग्लंडला नेताना तुटला. जोडलेला हत्ती आता राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

तुमच्यासाठी बेत असा. मे महिना टाळा, दिवाळीच्या सुटीत जा, समुद्र शांत असतो. रात्रीच्या गाडीने पहाटे सीएसएमटीला उतरा. क्लोकरूममध्ये कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, म्हणून प्रत्येक बॅगेला कुलूप हवं. थैल्या आणि बोचकी एका मोठ्या बॅगेत भरा. पहिल्या दिवशी नऊची पहिली बोट धरा, तीनपर्यंत परत, मग जवळच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, ते सहापर्यंत उघडं असतं. दुसऱ्या दिवशी सिद्धिविनायक आणि हाजी अली, कोणतं आधी ते तिथी बघून ठरवा. सीएसएमटीहून सिद्धिविनायकाला आता भुयारी मेट्रो थेट जाते. संध्याकाळी पाचनंतर दक्षिणेकडून उत्तरेला जाणाऱ्या लोकलमध्ये मुलांना घेऊन चढू नका. जुहू करायचंच असेल तर दुपारी तीनच्या आत निघा. निघायची तारीख ठरली की इथेच खाली लिहा, त्या दिवसाची भरती काढून सांगतो.