टिपरचं ऑइल स्टॉर्मला चालेल का?

डिचोलीत आमच्या पिंपळाखालच्या कट्ट्यावर रविवारी भाजी-पाव खाऊन झाला की विषय कुठूनही निघो, येतो गाडीवरच. या रविवारी तर गाडीच समोर उभी होती, माझी सॅन स्टॉर्म. फायबरच्या बॉडीची ही दोन सीटची स्पोर्ट्स कार आपल्या गोव्यात बनायची, हे आजच्या पोरांना सांगितलं तर पटत नाही. रेनोचं ११४९ सीसी इंजिन, पाच गिअर.

तक्रार एकच. सकाळी दुसरा गिअर पडता पडत नव्हता. गाडी गरम झाली की पडायचा, पण चोर्ला घाटात तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणताना कर्रर्र व्हायचं. मी म्हटलं, गिअर ऑइल बदलतो.

टिपरवाले भाई लगेच म्हणाले, "नव्वद नंबर घाल, जीएल-५. मायनिंगच्या दिवसांत माझे टिपर त्याच्यावरच पळाले. ऑइल जाड असलं की गिअर लोण्यासारखा पडतो." नव्वद नंबर म्हणजे ऑइलची जाडी, आणि जीएल-५ म्हणजे जड दाबाच्या दात्यांसाठीचा दर्जा.

मास्तर आयटीआयमध्ये शिकवून निवृत्त झालेत. ते म्हणाले, "भाई, ते तू मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगमध्ये घालायचास. तिथे क्राउन-पिनियनचे दाते एकमेकांवर प्रचंड दाबाने घसरतात, त्यांच्यासाठी ते ऑइल. ह्याचं डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरसंच, गिअरबॉक्सच्याच पोटात आहे, साध्या तिरप्या दात्यांचं. तिथे त्याहून सौम्य जीएल-४ पुरतं, तेही पातळ, ७५डब्ल्यू-८०."

"पण जास्त ताकदीचं घातलं तर बिघडलं कुठे?"

यावर मास्तरांनी पिशवीतून एक जुनी सिंक्रो रिंग काढून माझ्या हातात दिली. बांगडीपेक्षा थोडी मोठी, पितळी, कडेला बारीक दाते. "आतून नख फिरव." फिरवलं तर नख खरखरत गेलं. आत केसासारख्या बारीक चऱ्या होत्या. गिअर टाकताना ही रिंग गिअरच्या कोनावर दाबली जाते, घर्षणाने दोघांचा वेग जुळवते आणि मगच गिअर आत जातो. त्या चऱ्या मधलं ऑइल कापून बाजूला सारतात. ऑइल जाड असलं तर ते लवकर हटत नाही आणि हाताला अडल्यासारखं लागतं. फार निसरडं असलं तर रिंगची पकडच बसत नाही. म्हणजे जे ऑइल दात्यांना वाचवतं, त्यानेच या रिंगला घसरू द्यायचं नाही. मला हे इतकं नीट कोणी सांगितलंच नव्हतं. इतकी वर्षं मीही जास्त निसरडं म्हणजे जास्त चांगलं असंच धरून चाललो होतो.

जीएल-५ मधला गंधक पितळ खातो, असंही मी ऐकलं होतं. मास्तर म्हणाले, हल्लीच्या ऑइलांत ते बरंच कमी झालंय, पण पकडीचा प्रश्न राहतोच.

बाबूने वेगळाच फाटा काढला. "ऑइल कशाला? क्लच पुरा सुटत नसेल." शंका रास्त होती, म्हणून तिथेच बघितलं. इंजिन बंद ठेवून पाचही गिअर टाकले, सगळे सरळ पडले. मग चालू इंजिनवर क्लच दाबून पाच सेकंद थांबलो आणि रिव्हर्स टाकला. रिव्हर्सला सिंक्रो नसतो, क्लच ओढत असता तर तो ओरडला असता. चूपचाप पडला. बाबूने मान डोलावली.

दुपारी साखळीपर्यंत फिरवून ऑइल गरम केलं आणि गाडी सपाटीला घेतली. मास्तरांचा पहिला हुकूम: आधी भरायची बूच उघड. सगळं ऑइल काढलं आणि ती बूच निघालीच नाही, तर गाडी जाग्यावर अडकते. मग खालचा ड्रेन प्लग सोडला. ऑइल काळं निघालं, आणि सडक्या लसणासारखा उग्र वास. आधीच्या गॅरेजवाल्याने जीएल-५च घातलं असणार, ते त्या गंधकाच्या वासावरून तिथेच कळलं. दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी शिरलं नव्हतं, एवढंच समाधान. पावसात बाजारात पाणी भरतं, त्यातून गरम गाडी घातली की गिअरबॉक्स थंड होताना ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या भोकातून, पाणी ओढून घेतो. चार थेंब तळव्यावर घेऊन उन्हात धरले तर सोनेरी कण चमकत होते. रिंगचंच पितळ ते.

नवा वायसर लावला आणि भरायच्या भोकातून ओघळेपर्यंत ७५डब्ल्यू-८० ओतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा गिअर दोन बोटांनी पडला. भाई म्हणाले, "नवं ऑइल कुठलंही घातलं असतंस तरी फरक पडला असता." त्यात तथ्य आहे, काळ्या ऑइलपेक्षा ताजं बरंच. पण थंड गाडीत एवढा फरक नव्वद नंबरने पडला नसता, असं माझं ठाम मत आहे. मग भाई स्वतःच किल्ली घेऊन केरीपर्यंत जाऊन आले. उतरताना ऑइलबद्दल काही बोलले नाहीत, "तिसऱ्यावरून दुसरा अजून चावतो" एवढंच म्हणाले.

ते खरंच आहे. झिजलेलं पितळ ऑइल परत आणून देत नाही. या गिअरबॉक्सची दुसऱ्या गिअरची रिंग कोणाकडे पडून असेल तर रविवारी कट्ट्यावर घेऊन या, मास्तर तपासून सांगतील.