लिटरचा डबा की किलोचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तीस वर्षं किराणा दुकान चालवलेल्या माणसानं एवढं सविस्तर लिहिलं, म्हणून उत्तरही सविस्तर देते. लिटरभर तेल किलोभर नसतं, 910 ग्रॅमच भरतं, असं मी आधी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: पाण्याच्या एक लिटरच्या बाटलीत शेंगदाणा तेल काठोकाठ भरून तुम्ही तोललं, बाटलीचं वजन वजा जाता 945 ग्रॅम भरलं, म्हणजे मी लिहिलेले 910 खोटे. फोडणीत दहा-वीस ग्रॅमनं काही बिघडत नाही. आणि ‘लिटरचा डबा देऊन फसवतात’ असं लिहून मी दुकानदारांना बदनाम केलं.

शेवटच्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे. डब्यावर 15 लिटर छापलेलं असतं आणि दुकानदार तोच डबा देतो, यात लपवाछपवी काही नाही. ते वाक्य काढून टाकलं आहे. माफ करा.

बाटलीचं मात्र तसं नाही. पाण्याच्या बाटलीवर एक लिटर लिहिलेलं असलं तरी वर थोडी जागा रिकामी ठेवलेली असते, त्यामुळे काठोकाठ भरली की लिटरपेक्षा जास्त मावतं. हे पडताळायला तीच बाटली तितकीच काठोकाठ पाण्यानं भरा आणि तोला. माझ्याकडच्या बाटलीत पाणी 1034 ग्रॅम भरलं, शेंगदाणा तेल 944 ग्रॅम. तेलाच्या वजनाला पाण्याच्या वजनानं भागलं की 0.913 येतं. लिटरभर पाणी साधारण किलोभर भरतं, म्हणजे तेल लिटरला 913 ग्रॅम. तुमचे 945 सुद्धा याच हिशेबात चपखल बसतात. काटा तुमचा बरोबर आहे, बाटली मोठी आहे.

माझी चूक वेगळी, आणि ती तुम्ही दाखवली नाहीत. 910 हा आकडा मी तापमान न सांगता दिला. तेल तापलं की पसरतं, वजन तेवढंच राहतं. दहा अंशांमागे लिटरला साधारण सात ग्रॅमचा फरक पडतो. सोयाबीन तेल 21 अंशांना लिटरला 919 ग्रॅम, तर 60 अंशांना 892.6 ग्रॅम. काही उत्पादक पाकिटावर 60 अंशांचा आधार घेऊन कमी वजन छापत होते. म्हणून ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं त्यांना सांगितलं, की तापमानाचा उल्लेख न करता मापासोबत वजनही छापा आणि 15 जानेवारी 2023 पर्यंत लेबलं दुरुस्त करा. थंडीत थिजलेल्या खोबरेल तेलाची पातळी बाटलीत खाली गेलेली दिसते, तेही गार होऊन आक्रसल्यामुळेच. तेल कुठं गेलेलं नसतं.

फोडणीचं तुमचं म्हणणं मान्य. पळीभर तेल कुणी तोलत नाही, तोलूही नये. माझा जीव अडकलाय तो महिन्याच्या डब्यात. समजा, 15 किलोचा डबा 2400 रुपयांना आहे आणि 15 लिटरचा 2250 ला. दीडशे रुपये वाचले म्हणून दुसरा उचलला, तर घरी येतं 13 किलो 650 ग्रॅम तेल. पहिला 160 रुपये किलोनं पडतो, दुसरा जवळपास 165 नं. स्वस्त वाटलेला डबा महाग निघाला. तुम्ही सुटं तेल काट्यावर तोलून द्यायचात तेव्हा गिऱ्हाइकाला ही आकडेमोड करावी लागत नव्हती. घाण्यावर आजही तेल किलोनं मिळतं आणि वाण्याकडची पिशवी लिटरची असते. त्यात आता 800, 850, 870 ग्रॅमच्या पिशव्याही लिटरच्या पिशवीला खेटून ठेवलेल्या असतात, दिसायला जवळपास सारख्याच. म्हणून मी सगळ्यांचा भाव किलोवर आणते: लिटरचा भाव भागिले 0.91.

स्वयंपाकात हा फरक मला एकाच ठिकाणी महत्त्वाचा वाटतो, तो लोणच्यात. आईच्या वहीत किलोभर कैरीला पाव किलो तेल आहे. मी पहिल्या वर्षी मापाच्या भांड्यानं 250 मिली घातलं आणि तेल फोडींच्या वर आलंच नाही. पाव किलो तेल म्हणजे 275 मिली. कमी पडलेलं तेल गरम करून, गार करून नंतर वरून ओतलं, तेव्हा कुठं फोडी बुडाल्या.