‘ओन’ला मराठीत क्रियापद नाही, म्हणून आपण निर्लोभी?

दर काही महिन्यांनी एक मजकूर फिरत फिरत माझ्यापर्यंत येतो. सार असं: इंग्रज ‘आय हॅव’, ‘आय ओन’ (own, मालकी असणे) म्हणतो, आपण ‘माझ्याकडे आहे’ म्हणतो. आपल्याकडे मालकीचं क्रियापद नाही, कारण मालकीची कल्पनाच नव्हती. ‘ओन’ हा पाश्चात्त्य हव्यासाचा शब्द. शेवटी ईशोपनिषदातला श्लोक, ‘ईशावास्यमिदं सर्वम्’, म्हणजे हे सारं ईश्वराने व्यापलेलं.

पहिला मुद्दा बराचसा खरा आहे. ‘बाळगणे’ आहे, पण शस्त्र बाळगतात, राग बाळगतात. घर कोणी बाळगत नाही. मात्र आपण बारकावे किती पाळतो बघा: मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे गाडी आहे, शेत आईच्या नावावर आहे. ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ म्हटलं तर ते मुक्कामाला आलेत असं वाटेल.

पण ‘म्हणून मालकी नव्हती’ ही उडी कुठली? रशियन माणूसही रोजच्या बोलण्यात ‘माझ्याजवळ घर आहे’ अशीच रचना करतो, आणि तीच भाषा बोलणाऱ्या जमीनदारांच्या मालकीचे भूदास १८६१ पर्यंत होते. तुर्कीतही ‘माझं घर आहे’ असंच म्हणतात. ऑटोमन सुलतान काही संन्यासी नव्हते.

घरचंच बघायचं तर सुमारे नऊशे वर्षांपूर्वीची विज्ञानेश्वरांची ‘मिताक्षरा’ उघडा, याज्ञवल्क्यस्मृतीवरचं ते कायद्याचं भाष्य. ‘स्वत्व’ (म्हणजे मालकी) शास्त्राने ठरतं की लोकव्यवहाराने, याचा तिथे कीस काढलाय. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मापासूनच, हेही तिथलंच. आणि हातभर बांध कोरला म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांना, सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून आपलं नाव लागलं का हे चारदा बघणाऱ्यांना, क्रियापदावाचून काय अडलं?

आता ‘ओन’. जुन्या इंग्रजीत ‘आगन’ म्हणजे जवळ असणे, ताब्यात असणे. त्याच्या ‘आगेन’ (स्वतःचं) या रूपावरून ‘ओन’ आलं. पण ‘आगन’चा थेट वारस वेगळाच: ‘ओ’ (owe), म्हणजे देणं लागणे! शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’मध्ये अजून हा ‘ओ’ ‘जवळ असणे’ याच अर्थाने येतो. ‘माझ्याकडे फेडायचं आहे’ या अर्थावरून तो पुढे कर्जाकडे सरकला. त्याचं जुनं भूतकाळी रूप म्हणजे ‘ऑट’ (ought), करायला हवं. मालकी, देणं आणि कर्तव्य एकाच पोटचे निघाले. यात हव्यास शोधायचा कुठे? शोधायचाच तर ‘हॅव’मध्ये शोधा, त्याचं मूळ ‘पकडणे’ असं मानतात.

राहिला तो श्लोक. ‘आगन’ आणि संस्कृत ‘ईश्’ (ईष्टे: सत्ता चालवणे, मालक असणे) यांचं मूळ भाषाशास्त्रज्ञ एकच मानतात. म्हणजे इंग्रजांनी शब्द आपल्याकडून नेला असा पुढचा मजकूर कृपया नको. या दोघी एकाच पणजीच्या पणत्या. पण ज्या ‘ओन’ला नावं ठेवायची, त्याच्याच नात्यातला शब्द त्या श्लोकाच्या पहिल्याच अक्षरापासून सुरू होतो. ईश, म्हणजे ज्याची मालकी चालते तो.