‘येशू कधीच हसला नाही’ या संदेशाला उत्तर

‘येशू ख्रिस्त आयुष्यात एकदाही हसला नाही’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या ख्रिस्ती कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. तो वसईत राहणाऱ्या माझ्या मावशीपर्यंत पोहोचला नसता, तर कदाचित मी त्याची दखलही घेतली नसती. काका जाऊन अजून वर्ष झालेले नाही. नातवाच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी कोणीतरी काकांची एक जुनी गंमत सांगितली, मावशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि त्याच रात्री गटातल्या एका बाईंनी ‘वाचून विचार करावा’ एवढी ओळ जोडून तिला हा संदेश पाठवला. आता ती भेटेल त्याला विचारते आहे की माझे काही चुकले का. म्हणून हे उत्तर लिहितो आहे, आणि त्यात चीड दिसली तर ती खरी आहे असे समजावे.

ज्यांनी संदेश पाहिलेला नाही त्यांच्यासाठी त्यातील म्हणणे थोडक्यात असे आहे. लेंट्युलस नावाच्या रोमी सुभेदाराने येशूला प्रत्यक्ष पाहून लिहिलेल्या पत्रात ‘त्याला कोणी हसताना पाहिले नाही, रडताना मात्र पाहिले’ असे म्हटले आहे. शुभवर्तमानांतही येशू रडल्याचे लिहिले आहे, हसल्याचे नाही. ‘जे आता हसता त्यांना हाय हाय’ असे प्रभूने स्वतःच सांगितले आहे. बायबलमधील राजा शलमोनाने हास्याला वेडेपणा म्हटले आहे. सर्व संतांनी हसणे वर्ज्य मानले. आणि म्हणून ज्या घरात मृत्यू झाला आहे त्या घरातील माणसांनी वर्षभर हसणे हा मृताचा आणि ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा अपमान असून ‘चर्चचा तसा नियम आहे’.

लेंट्युलसचे पत्र हा या संदेशाचा मुख्य आधार आहे, आणि ते पत्र बनावट आहे. येशूला क्रुसावर देणाऱ्या पिलाताच्या आधी लेंट्युलस यहुदियाचा सुभेदार होता, असे त्या पत्राच्या नावावर सांगितले जाते. इ.स. ६ मध्ये हेरोदाचा मुलगा अर्खेलाव याला पदच्युत केल्यानंतर रोमने यहुदियावर नेमलेल्या अधिकाऱ्यांची नावे यहुदी इतिहासकार जोसेफस याने क्रमाने दिलेली आहेत: कोपोनियस, अँबिव्हुलस, अनियस रूफस, वलेरियस ग्रेटस आणि इ.स. २६ ते ३६ या काळात पंतय पिलात. या यादीत लेंट्युलसला कुठेही जागा नाही. शिवाय यहुदियाचा कारभार थेट सम्राटाच्या अखत्यारीत असल्यामुळे तिथल्या अधिकाऱ्याने सिनेटला अहवाल पाठवण्याचे कारणच नव्हते, आणि हे पत्र तर सिनेटला उद्देशून लिहिलेले आहे. पहिल्या कित्येक शतकांतील एकाही धर्मपित्याने, म्हणजे आरंभीच्या ख्रिस्ती धर्माचार्याने, त्याचा उल्लेख केलेला नाही. त्याचा पहिला मागमूस थेट मध्ययुगाच्या उत्तरार्धात लागतो. पोपला सत्ता बहाल केल्याचे सांगणारे सम्राट कॉन्स्टंटाइनचे तथाकथित दानपत्र बनावट असल्याचे ज्याने १४४० साली दाखवून दिले, त्या लोरेन्झो वाल्ला या इटालियन विद्वानाने त्याच ग्रंथात हे पत्रही खोटे ठरवले होते. त्याच पत्रात येशूच्या केसांचा रंग, मधोमध पाडलेला भांग आणि टोकाशी दुभंगलेली दाढी यांचेही वर्णन आहे, आणि आपल्या घरांतील चित्रांत दिसणारा येशूचा चेहरा बराचसा तसाच असल्यामुळे पत्र वाचताना ते ओळखीचे वाटते. सुमारे सहाशे वर्षांपूर्वी उघड झालेली लबाडी आज ‘प्रत्यक्षदर्शी पुरावा’ म्हणून एका विधवेला पाठवली जाते, याचा मला राग येतो.

दुसरा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि तेवढा तो मान्य केलाच पाहिजे. ‘येशू हसला’ असे वाक्य चारही शुभवर्तमानांत नाही. आपला मित्र लाजर, ज्याला त्याने नंतर जिवंत केले, त्याच्या कबरेपाशी तो रडला, यरुशलेम दिसताच तो रडला, हे लिहिलेले आहे. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो: चौथ्या शतकाच्या अखेरीस अँटिओकमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानावर प्रवचने देताना संत जॉन क्रिसोस्टोम यांनीही सहाव्या प्रवचनात हेच म्हटले आहे, की ख्रिस्त रडलेला अनेकदा दिसतो, हसलेला कधी दिसत नाही. मात्र त्याच प्रवचनात ते पुढे असेही सांगतात की आपण हे हसण्यावर सरसकट बंदी घालण्यासाठी बोलत नसून मनाचा सैलपणा घालवण्यासाठी बोलत आहोत. त्यांच्यासमोरचे श्रोते नाटकगृहांच्या नादी लागलेले होते आणि त्यांचा रोख त्या नाटकगृहांवर होता. संदेश रचणाऱ्याला हे पुढचे वाक्य ठाऊक नसेल, तर त्याने आधी ते प्रवचन वाचायला हवे होते.

शुभवर्तमानकारांनी येशूची उंची, त्याचा आवाज, त्याचे बालपणीचे खेळ यांविषयीही काही लिहिलेले नाही. जे लिहिले आहे ते मात्र पुरेसे बोलके आहे. लूकच्या दहाव्या अध्यायात बहात्तर शिष्य आनंदाने परत येतात तेव्हा येशू पवित्र आत्म्यात उल्हासित झाला असे स्पष्ट म्हटले आहे. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा त्याने सहा दगडी रांजण भरायला लावले. योहानाने दिलेल्या मापांचा हिशेब केला तर तो द्राक्षारस पाचशे ते सातशे लिटरच्या घरात जातो, आणि तो लग्नघरच्या लोकांना तोंड लपवावे लागू नये म्हणून दिलेला होता. त्याचे विरोधक त्याला ‘खादाड व दारुडा’ म्हणत असत, हे मत्तयाने स्वतः येशूच्याच तोंडी दिले आहे. सदैव उदास चेहऱ्याने वावरणाऱ्या, कोणाच्या पंगतीला न बसणाऱ्या माणसावर असा आरोप कोणी करत नाही. आणि त्याची शिकवण? स्वतःच्या डोळ्यात मुसळ असताना भावाच्या डोळ्यातील कुसळ काढायला निघालेला माणूस, चिलट गाळून काढून उंट गिळून टाकणारे परूशी (यहुद्यांतील कर्मठ पंथाचे लोक), ही वाक्ये गालिलातल्या कोळ्यांनी आणि शेतकऱ्यांनी प्रथम ऐकली तेव्हा त्यांच्यात हशा पिकला नसेल, यावर मी विश्वास ठेवू शकत नाही. उपवास करताना ढोंग्यांप्रमाणे म्लानमुख होऊ नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, ही आज्ञाही त्याचीच आहे.

तिसऱ्या मुद्द्यात वचन खरे आहे, पण ते अर्धे कापून दिलेले आहे. लूकच्या सहाव्या अध्यायातील पंचविसाव्या ओवीत ‘अहो जे तुम्ही आता हसता, त्या तुम्हांला हाय हाय’ असे म्हटले आहे. परंतु चारच ओव्या आधी, एकविसाव्या ओवीत, त्याच प्रवचनात, त्याच लोकांना तो सांगतो, ‘अहो जे तुम्ही आता रडता, ते तुम्ही धन्य, कारण तुम्ही हसाल.’ हसणे जर स्वतःच पाप असते, तर प्रभूने ते रडणाऱ्यांना आशीर्वाद म्हणून देऊ केले असते काय? ‘हाय हाय’ ही ज्यांच्यासाठी आहे ते कोण, हे त्याच ठिकाणी सांगितले आहे: धनवान, तृप्त, सगळ्यांकडून वाहवा मिळवणारे. उपाशी माणसाकडे पाठ फिरवून हसणाऱ्यांना दिलेला हा इशारा आहे आणि तो आपण गांभीर्याने घेतलाच पाहिजे. पण पंचविसावी ओवी ठेवून एकविसावी गाळणे म्हणजे देवाच्या वचनाशी केलेला खोटेपणा आहे.

शलमोनाच्या नावावरील वचनाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. बायबलमधील ‘उपदेशक’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात हास्याला वेडेपणा म्हटले आहे ते खरे, पण तिसऱ्याच अध्यायात रडण्याचा समय असतो तसा हसण्याचाही समय असतो असे तेच पुस्तक सांगते, आणि आनंदी हृदय हे उत्तम औषध आहे हे नीतिसूत्रांतील वचन शलमोनाचेच मानले जाते. म्हातारपणी मूल झाल्यावर देवाने मला हसवले, ऐकणारा प्रत्येक जण माझ्याबरोबर हसेल, असे म्हणणारी अब्राहामाची पत्नी सारा संदेशाच्या लेखकाला आठवू नये, हेही नवल आहे.

संतांविषयीचा दावा मात्र तपासायला हवा, कारण तो भाबड्या लोकांना पटतो. संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातील नियमावलीत नम्रतेची दहावी पायरी सांगताना संन्याशाने हसण्याची घाई करू नये असे म्हटले आहे, हे मी मान्य करतो. ती नियमावली मठातील संन्याशांसाठी आहे, आणि तिच्याच एकोणपन्नासाव्या प्रकरणात ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचे कडक नियम घालून देताना आत्मिक ओढीच्या आनंदाने पास्काची, म्हणजे ईस्टरची, वाट पाहा, असेही सांगितले आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या सर्वांत मोठ्या ग्रंथात, दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धातील १६८ व्या प्रश्नात, थेट असा विषय घेतला आहे की विनोदाचा पूर्ण अभाव हे पाप होऊ शकते काय. त्यांचे उत्तर ‘होय’ असे आहे. अतिरेकी चेष्टेपेक्षा तो दोष लहान, हे ते सांगतात. पण जो स्वतः कोणाला आनंद देत नाही आणि दुसऱ्याच्या आनंदात खोडा घालतो तो इतरांना भार होतो, आणि हे विवेकाला धरून नाही, असे त्यांचे स्पष्ट म्हणणे आहे. त्याच चर्चेत ते संत योहानाची जुनी कथा देतात. शिष्यांबरोबर रमलेल्या योहानाला पाहून काही जणांना धक्का बसला, तेव्हा त्याने त्यांच्यातील एका धनुर्धाऱ्याला बाण मारत राहायला सांगितले आणि विचारले की हे असेच सतत करता येईल काय. धनुष्य मोडेल, असे उत्तर आले. मनाचेही तसेच आहे, असे योहान म्हणाला.

रोममधील संत फिलिप नेरी (१५१५–१५९५) लोकांनी आपल्याला फार पवित्र समजू नये म्हणून अर्धी दाढी काढून रस्त्याने फिरले होते. चर्चने त्यांना १२ मार्च १६२२ रोजी संतपद दिले, आणि त्याच दिवशी, त्याच समारंभात, ज्यांचे अवशेष जुन्या गोव्यात आहेत ते फ्रान्सिस झेवियरही संत घोषित झाले. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या प्रबोधनपत्रात काही ख्रिस्ती माणसांचे जीवन ईस्टर नसलेल्या उपवासकाळासारखे दिसते अशी खंत व्यक्त केली आहे, आणि १४ जून २०२४ रोजी जगभरातील शंभरावर विनोदी कलावंतांना व्हॅटिकनमध्ये बोलावून त्यांच्या कामाचे कौतुक केले आहे.

आता शेवटचा मुद्दा, ज्याच्यामुळे मी हे सारे लिहायला बसलो. ‘चर्चचा नियम आहे’ हे विधान निखालस खोटे आहे. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत अंत्यविधीविषयीचे नियम ११७६ ते ११८५ या कलमांत आहेत. विधी कोठे करावा, कोणाला द्यावा, कोणाला नाकारावा, दफनाची नोंद कशी ठेवावी, एवढेच त्यांत आहे. घरच्यांनी किती दिवस हसू नये याविषयी एक अक्षरही नाही. उलट, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजाच्या ८१ व्या परिच्छेदात असे ठरवले की ख्रिस्ती माणसाच्या मृत्यूचे पास्काशी, म्हणजे पुनरुत्थानाशी असलेले नाते अंत्यविधीतून अधिक स्पष्टपणे दिसले पाहिजे. म्हणूनच आज अंत्यविधीच्या मिस्सेत फादर पांढरा झगाही घालू शकतात, आणि म्हणूनच त्या मिस्सेत रडणाऱ्या माणसांसमोर पुनरुत्थानाची वचने वाचली जातात.

दुःख झटकून टाका, असे मी कोणालाही सांगत नाही. लाजर जिवंत होणार हे ठाऊक असूनही येशू रडला, त्यामुळे रडण्याला आपल्या श्रद्धेत मानाची जागा आहे. परंतु शेवटच्या भोजनाच्या रात्री, स्वतःचे मरण काही तासांवर आलेले असताना, त्याने शिष्यांना जे सांगितले ते योहानाच्या पंधराव्या आणि सोळाव्या अध्यायांत आहे: माझा आनंद तुमच्यामध्ये असावा म्हणून मी हे बोललो, तुम्ही रडाल, शोक कराल, पण तुमचे दुःख आनंदात पालटेल, आणि तो आनंद तुमच्यापासून कोणी काढून घेणार नाही. शोक करणाऱ्यांनाच दिलेले हे अभिवचन आहे. मग बाप्तिस्म्याच्या घरात, पतीच्या आठवणीने, नातवाला मांडीवर घेऊन आलेले हसू काढून घेण्याचा अधिकार एका फिरत्या संदेशाला कोणी दिला?

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत याचे फार मोठे उदाहरण आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली ती रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये निवर्तल्यानंतर. टिळकांचा तापट स्वभाव, खिशाकडे न पाहता केलेला परोपकार, त्यापायी संसाराची झालेली ओढाताण, हे सारे ती विधवा इतक्या मोकळ्या मनाने आणि इतके हसत सांगते की मराठीत त्याला तोड नाही, आणि त्या हसण्यातून टिळकांवरची तिची माया ओळीओळीतून दिसते. लक्ष्मीबाईंनी मृताचा अपमान केला, असे म्हणण्याची हिंमत संदेश पाठवणाऱ्यांत आहे काय?

ज्यांनी हा संदेश पुढे धाडला आहे त्यांना माझी एवढीच विनंती आहे की त्यांनी तो ज्या गटांत टाकला असेल तिथे तो खोटा असल्याचे लिहावे. आणि नुकताच मृत्यू झालेल्या घरातील कोणा व्यक्तीला तो मुद्दाम पाठवला असेल, तर लिहून भागणार नाही, त्यांनी त्या घरी स्वतः जावे आणि क्षमा मागावी.