डिस्क हाय, पण दिसंना

माणसाला विंडोज टाकता येतं, ही बातमी गल्लीत फुटू देऊ नये. एकदा फुटली की शेजाऱ्याचा जावई सासुरवाडीला येतानासुद्धा कपड्यांच्या आधी लॅपटॉप भरतो. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही अभिमानानं सांगतो खरं, पण जर्मनीतला माणूस असल्या कामाचे पैसे घेत असेल. परभणीतला चहासुद्धा स्वतःच्याच घरचा पाजतो.

ऐन मे महिन्यात सेलूचा भाचा आला. संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे, शाखा कॉम्प्युटर. आल्या आल्या पाठीवरची बॅग माझ्या मांडीवर ठेवली.

“मामा, फक्त विंडोज मारून द्या. दहा मिनटाचं काम हाय.”

“अरे, तुमची शाखा कोणती?”

“ते प्रॅक्टिकलला नसतंय मामा.”

पुढं बोलण्यात अर्थ नव्हता. कूलरमध्ये पाणी ओतलं, पेनड्राइव्ह लावला आणि सुरू झालो. सेटअपनं भाषा विचारली, कीबोर्ड विचारला, प्रॉडक्ट की विचारली (नाही म्हटलं तरी पुढं जाऊ दिलं, हा मोठेपणा मान्य केला पाहिजे), भलामोठा करार मान्य करून घेतला. मग विंडोज कुठं टाकायचं ते विचारलं आणि खाली यादी दाखवली. यादी कोरी. त्याखाली एक नम्र ओळ: ड्राइव्ह सापडल्या नाहीत, स्टोरेज ड्रायव्हर हवा असेल तर ‘लोड ड्रायव्हर’ दाबा. दाबा म्हणजे कशानं दाबा? टचपॅडही बंदच होतं. टॅब मारत मारत तिथवर पोचलो.

भाच्यानं तोवर एका दुकानदाराला फोन लावला होता. त्यानं लॅपटॉप न बघताच निदान केलं, “डिस्क गेली. नवी टाकावी लागंल.” फोनवरून नाडी बघणारी ही जमात आपल्याकडं फार. मी बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी जागा होणारा लॅपटॉपचा मूळ प्रोग्राम, उघडलं. तिथं डिस्क नावागावासकट हजर, 512 जीबी, ठणठणीत. म्हणजे बायोसला दिसते, सेटअपला दिसत नाही.

कारण असं. इंटेलच्या 11 व्या पिढीच्या प्रोसेसरपासून पुढच्या पुष्कळ लॅपटॉपांत डिस्क आणि विंडोज यांच्या मधी व्हीएमडी नावाचा एक कारभारी बसवलेला असतो. डिस्क त्याच्या पाठीमागं. सेटअपला समोर नुसता कारभारी दिसतो, आणि त्याच्याशी बोलायची भाषा येत नाही, म्हणून सेटअप सरळ सांगतो की या घरात कुणी राहत नाही. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करायची सोय असली तर प्रश्न मिटतो. काही लॅपटॉपांत ही सोय लपवलेली असते, कंट्रोल आणि एस दाबल्यावरच बाहेर येते. भाच्याच्या लॅपटॉपात ती ना वर होती ना लपलेली. राहिला ड्रायव्हर, म्हणजे सेटअपला कारभाऱ्याची भाषा शिकवणारी फाइल. तो नेटवरून घ्यायचा, आणि नेट बघायला चालता कॉम्प्युटर पाहिजे! माझ्या घरातला चालता कॉम्प्युटर नेमका बायकोनं बहिणीकडं पाठवलेला.

मोबाइलवर फाइल उतरवून बघितली. ती निघाली ईएक्सई. सेटअपला आतली आयएनएफ नावाची चिठ्ठी पाहिजे, आणि ईएक्सईतून ती काढायची तर ‘एक्स्ट्रॅक्ट ड्रायव्हर्स’ची आज्ञा द्यायला विंडोजच लागतं. विंडोज टाकायला विंडोज लागतं, हे समजल्यावर भाचा पहिल्यांदा गंभीर झाला.

मग कोपऱ्यावरचं ई-सेवा केंद्र गाठलं. भर उन्हात तिथं ही गर्दी! कुणाचा उत्पन्नाचा दाखला, कुणाची ई-केवायसी, कुणाचा सातबारा. सर्व्हर नेहमीप्रमाणं डाऊन, त्यामुळं कॉम्प्युटर मोकळा आणि माणसं अडकलेली. केंद्रवाला म्हणाला, “सर, बसा. सर्व्हर आला की उठायचं मात्र.” शेजारच्या बाकावर जिंतूरकडचे एक बाबा पटका सोडून वारा घेत बसले होते. आमचं बोलणं ऐकून त्यांनी विचारलं, “डिस्क म्हंजी, हाय ना आत?”

“आहे ना बाबा.”

“अन् दिसंना?”

“दिसत नाही.”

“मंग आमच्या जिमिनीवानीच झालं की. जिमीन हाय, वहितीला हाय, म्या सोता नांगरतो. पण ऑनलाइनला दिसंना. मधला मानूस गाठाव लागतोय.”

व्हीएमडी इतकं सोपं करून मला कुठल्याच मदत-पानानं सांगितलं नव्हतं. भाच्यानं तर ते वहीत लिहून घ्यायचंच बाकी ठेवलं.

बाबांना काय माहीत, हा वाद जुना आहे. एक्सपी आलं 2001 साली, साटा नावाच्या नव्या जातीच्या हार्डडिस्क घरोघरी पोचल्या त्याच्या नंतर. एएचसीआय या नव्या पद्धतीवर लावलेली डिस्क एक्सपीला ओळखूच येत नसे. सेटअप सुरू होताना तळाशी काही सेकंद एक ओळ झळकायची: वेगळा ड्रायव्हर असेल तर एफ6 दाबा. ती वाचेपर्यंत जायची. दाबलं तरी काहीच व्हायचं नाही, सेटअप आपल्याच नादात फाइली चढवत राहायचा, आणि माणूस पुन्हा पुन्हा एफ6 बडवत राहायचा. मग कधीतरी फ्लॉपी मागायचा. फ्लॉपीच! सीडी नाही, पेनड्राइव्ह नाही, 1.44 एमबीची फ्लॉपी, ए ड्राइव्हमध्ये. आणि नव्या डब्याला फ्लॉपीचं तोंडच नसायचं. जुन्या डब्यातून ड्राइव्ह उपटून आणायची, फ्लॉपी बुरशी लागलेली निघायची, ती पुसेपर्यंत लोडशेडिंगची वेळ व्हायची. ड्रायव्हर न देता रेटलंच तर निळा पडदा आणि शेवटी 7बी असलेला लांबलचक आकडा. व्हिस्टानं 2007 साली पेनड्राइव्ह चालवून घेतला, तेव्हा वाटलं, सुटलो. आता फ्लॉपी गेली, लोडशेडिंगही पहिल्याइतकं राहिलं नाही, आणि कोरी यादी मात्र तशीच्या तशी परत आली.

सर्व्हर यायच्या आत ड्रायव्हर सोडवून पेनड्राइव्हवर घेतला. बाबांचा सातबारा मात्र अजून यायचा होता.

घरी येऊन लोड ड्रायव्हर, ब्राउझ, फोल्डर. यादीत आयएस्टोअरव्हीडी, म्हणजे तोच व्हीएमडीचा ड्रायव्हर, अवतरला. निवडला, आणि 512 जीबीची डिस्क कुठलंही स्पष्टीकरण न देता उगवली. भाच्यानं टाळी वाजवली. ताईनं फोनवर विचारलं, “झालं का रे दादा? त्याला जेवू घातलंस का?” दोन्ही प्रश्नांना ‘होतंय’ म्हणालो.

विंडोज चढलं, लॅपटॉप स्वतःहून चालू-बंद झाला आणि निळ्या पडद्यावर पुढची मागणी आली: इंटरनेटला जोडा. वायफायची यादी? कोरी! वायफायचा ड्रायव्हर नाही. तो मिळतो इंटरनेटवर. इंटरनेटशिवाय पुढं जायचं बटणच नव्हतं.

“मामा, ह्याच्यासाठी बी मधला मानूस लागतोय का?”

“लागतो. तुझा मोबाइल आण.”

त्याच्या मोबाइलला वायर लावली, यूएसबी टेदरिंग चालू केलं. एवढं मात्र विंडोजनं कुठलाही ड्रायव्हर न मागता ओळखलं. नेट मिळताच सेटअपला जोर चढला. आधी नाव विचारलं, मग खातं, मग ‘जरा थांबा, अपडेट घेतोय’. टक्के सरकायला लागले. मी निवांत आडवा झालो. कूलरचा गारवा लागून डोळा लागतोय तोच भाच्यानं हलवलं.

“मामा, ओ मामा! माझं आजचं दीड जीबी खलास झालं. तुमचा पॅक किती जीबीचा हाय?”