मावशी, ती चादर गरम पाण्यात टाकू नकोस

परवा मावशीचा फोन. "अगं, माझी कलमकारीची जुनी चादर उकळत्या पाण्यात मीठ घालून भिजवू का? अस्सल असेल तर काही होत नाही म्हणे." म्हणजे तो फॉरवर्ड तिच्यापर्यंतही पोचला! मुघल आणि कुतुबशाही महालांतल्या कलमकारीच्या, म्हणजे कलमाने नक्षी रेखून रंगवलेल्या, सुती बिछायती इराणहून आल्या, रंगांत माणिक-नीलमची पूड होती, म्हणून चारशे वर्षांत ते उडाले नाहीत, वगैरे.

आधी ती पूड. सुताला ती धरणार कशी? पहिल्याच झटक्याला झडेल. निळा रंग निळीचा, लाल रंग कोरोमंडल किनाऱ्यावरच्या 'चाय' या झुडपाच्या मुळाचा. आणि गंमत म्हणजे हा लाल कलमाने भरतच नाहीत. कापड हिरडा आणि म्हशीच्या दुधात भिजवून वाळवायचं, त्यावर तुरटीचं पाणी रेखायचं, मग मुळांच्या काढ्यात उकळायचं. तुरटी लागली असेल तिथेच लाल पक्का बसतो. निळीच्या वेळी बाकीचा भाग मेणाने झाकायचा. १७३४च्या सुमारास बोल्यू नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने पाँडिचेरीत हे सगळं समोर उभं राहून पाहिलं, लिहून ठेवलं आणि प्रत्येक पायरीला कापडाचा तुकडा कापून घेतला. ते तुकडे आजही पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहेत. तिथे जाऊन शोधा म्हणावं माणिक!

'रंग उडाले नाहीत' हेही धड खरं नाही. लाल आणि निळा टिकतात, कबूल. पिवळा मात्र उडतो. निळीवर पिवळा चढवून हिरवी केलेली पानं म्हणूनच आज निळी दिसतात. काळा रंग लोखंडाचा, तो सूतच खातो. कित्येक जुन्या कापडांत काळ्या रेघेच्या जागी भोकं उरलीत. असं कापड उकळत्या पाण्यात घालायला सांगणाऱ्याला काय म्हणावं!

इराणचं म्हणाल तर अर्धं खरं आहे. 'कलमकारी' शब्द फारसी, बरीचशी वेलबुट्टी तिकडच्या वळणाची, गोवळकोंड्याच्या दरबारात इराण्यांचं वजनही होतं. पण रंगारी आंध्रच्या किनाऱ्यावरच्या मछलीपट्टणम भागातले. आणि गुजरातेतलं ठशांचं सुती कापड तर मुघलांच्या कितीतरी आधी इजिप्तला जात होतं. कैरोजवळच्या फुस्तातला त्याचे तुकडे सापडलेत.

आणि मावशी, तुझी चादर उलटी करून बघ. मागे नक्षी जेमतेम उमटली असेल तर ती बहुधा स्क्रीन प्रिंट आहे. काहीही असो, थंड पाण्यात धू.