निदानाच्या कागदासोबत अजून एक कागद द्या ना!

आज सकाळी सकाळी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका चुलतभावाने व्हिडिओ टाकला. पांढरा कोट घातलेला माणूस, वर पिवळ्या अक्षरांत 'ऑटिझम मुळापासून बरा', आणि खाली वहिनीला टॅग करून "एकदा बघून घे, काय हरकत आहे". काय हरकत आहे म्हणे! हरकत ही आहे की वहिनीच्या पाटल्या गेल्या त्या गेल्याच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भाचा तीन वर्षांचा होता, बोलत नव्हता, हाक मारली तरी वळून बघायचा नाही, डब्याचं झाकण फरशीवर फिरवत तासन् तास बसायचा. दादा-वहिनी बार्शीहून त्याला मोठ्या शहरात दाखवायला घेऊन गेले. डॉक्टरांनी बघितलं, ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, अशा इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या आणि सहा महिन्यांनी या म्हणाले. संपलं. पुढे काय करायचं, कुठे जायचं, एक शब्द नाही. आणि बाहेर बाकावर बसून वहिनी रडत होती तेव्हा कुणीतरी तिच्या हातात दुसऱ्या एका हॉस्पिटलचं कार्ड ठेवलं. स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी टोचायचा 'उपचार'. पाठीच्या कण्यात इंजेक्शन. त्यासाठी पाटल्या विकल्या. फरक काही पडला नाही, पोरगं अजूनही न्हाव्याने पांढरं कापड अंगावर टाकलं की किंचाळतं, त्यामुळे वहिनी त्याचे केस तो झोपल्यावर कापते, अर्धे आज अर्धे उद्या.

मला राग त्या कार्डवाल्याचा आहेच, तो असणारच. पण जास्त राग याचा येतो की त्याचं कार्ड तिच्या हातात पहिलं पोचलं. आमच्यासारख्या घरांसाठी जे काही आहे, आणि आहे बरं का, बरंच आहे, ते मात्र वहिनीला एकेक करून दुसऱ्या आयांकडून कळलं, कुठे थेरपी सेंटरच्या पायरीवर, कुठे एसटीत.

म्हणजे बघा. जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि थेरपी फुकट. 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, म्हणजे प्रमाणपत्र मिळतं, युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, निघतं. मग त्या प्रमाणपत्रावर निरामय, म्हणजे राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेचा आरोग्य विमा, एक लाखापर्यंत, आधी कुठली मेडिकल टेस्ट नाही, थेरपीचाही काही खर्च त्यात बसतो. (पैसे आधी आपण भरायचे, मग बिलं पाठवायची, वैताग आहे, मान्य.) आयकराच्या जुन्या करप्रणालीत आईवडलांना 75 हजारांची वजावट, दिव्यांगत्व तीव्र असेल तर सव्वा लाख. बोर्डाच्या परीक्षेत जास्तीचा वेळ आणि लेखनिक. शाळेने 'आमच्याकडे अशी मुलं घेत नाही' म्हटलं तर कायदा आपल्या बाजूने आहे, हे सुद्धा कुणीतरी सांगायला लागतं हो, कारण शाळा इतक्या गोड आवाजात नाही म्हणते की आपणच सॉरी म्हणून बाहेर पडतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कुणीच सांगत नाही. मूल 18 चं झालं की कायद्याने ते सज्ञान, मग बँकेतल्या सहीसाठी सुद्धा 'तुम्ही कोण' असं आईला विचारतात. त्यासाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालकत्व घ्यायचं असतं, जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून. किती आईबापांना हे माहितीये? माझ्या ओळखीत तरी हाताच्या बोटांवर.

आता कुणीतरी म्हणेलच, अगं सगळं नेटवर आहे. आहे. इंग्रजीत आहे, पोर्टल अर्धा वेळ उघडत नाही, आणि ज्या दिवशी कळतं ना की आपलं मूल वेगळं आहे त्या दिवशी आई गूगल करायच्या अवस्थेत नसते. गूगल केलंच तर वर काय येतं? परत तोच पांढरा कोट.

डॉक्टरांकडे वेळ नसतो हेही खरं. बाहेर चाळीस पेशंट बसलेले असतात, मला दिसतं. पण मी कुठे तासभर समजावून सांगा म्हणतीये, एक कागद म्हणतीये. मराठीत, मोठ्या अक्षरांत, पाठपोट. त्यावर पहिलं वाक्य हे, की हा आजार नाही, तुमच्या हातून काही चुकलेलं नाही, आणि स्टेम सेलवाल्याकडे जाऊ नका, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 सालीच ते ऑटिझमसाठी चालणार नाही म्हणून सांगितलंय. हे वाक्य त्या दिवशी तिच्या हातात असतं तर पाटल्या राहिल्या असत्या. पाटल्यांचं सोडा, पोराच्या पाठीत सुई गेली नसती.

जाऊ दे, बीपी वाढतंय माझं. चांगलं पण सांगते. मुंबईत उम्मीद ही संस्था आहे, पुण्यात प्रसन्न ऑटिझम सेंटर आहे, मुंबईत पालकांनी चालवलेलं फोरम फॉर ऑटिझम आहे. पण वहिनीला खरा हात दिला तो सोलापूरच्या एका स्पीच थेरपिस्ट मुलीने, तिने चित्रांची कार्डं करायला शिकवलं. पाणी, झोका, शी, भूक, सगळ्याचे घरातलेच फोटो, लॅमिनेट करून वेल्क्रोने वहीत चिकटवलेले. दिवाळीत मी त्याच्याशी लाडालाडाने बडबड करत बसले होते, त्याने शांतपणे वही उघडली, एक कार्ड काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. 'पुरे.' वहिनी एवढी हसली की चकलीचा घाणा करपला. त्या कार्डाचा खर्च किती? वीस रुपये पण नाही. आणि कण्यातल्या इंजेक्शनला दोन पाटल्या.

2 एप्रिलला, जागतिक ऑटिझम जागरूकता दिनाला, सगळे निळे डीपी ठेवतात, ठेवा, चांगली गोष्ट आहे, मी पण ठेवते. पण 3 एप्रिलला कुणाच्या तरी हातात रिपोर्ट पडतो आणि ती बाई बाकावर एकटी बसलेली असते, तिला तुमच्या डीपीचा काडीचा उपयोग नाही.

तर मी आणि वहिनीने तो कागद केलाय. वर लिहिलंय ते सगळं आणि प्रमाणपत्राला कुठली कागदपत्रं लागतात तेही. माझ्या यादीत तीन-चार बालरोगतज्ज्ञ आहेत, त्यांना छापून आणून देते, फक्त टेबलावर ठेवा आणि रिपोर्टसोबत द्या. बाकी कुणाला हवा असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, पीडीएफ पाठवते. व्हिडिओवाला चुलतभाऊ पण इथे आहे, त्याला न मागताच पाठवलाय, आणि आता तो ग्रुपवर फॉरवर्ड करतो का बघू.